बुखेनवाल्ड बघून परतताना बसमध्ये "आउसलेंडर राउस". मग शाळा शिकवते तरी काय?

शरयू_येना

नमस्कार मंडळी. आम्ही येनाला राहतो. थुरिंगिया राज्य, म्हणजे जुनी पूर्व जर्मनी. मुलगा इथल्या गिम्नाझियुममध्ये, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, नववीत आहे. मागच्या आठवड्यात त्यांचा वर्ग बुखेनवाल्डची छळछावणी बघायला गेला होता. वायमारजवळच्या टेकडीवर आहे, इथून फार लांब नाही. शाळेत आधी दोन तास तयारी झाली, वही भरून टिपणं काढली. छपन्न हजार माणसं तिथे मेली, हे त्याला पाठ होतं. दाह-भट्ट्या बघितल्या, फाटकावरची ती आतून वाचता येणारी लोखंडी अक्षरं बघितली, एक मुलगी रडली वगैरे.

परतताना बसमध्ये मागच्या बाकावरच्या चार-पाच मुलांनी फोनवर ते जुनं डिस्को गाणं लावलं आणि त्याच्या चालीवर "डॉइचलांड देन डॉइचेन, आउसलेंडर राउस" सुरू केलं. जर्मनी जर्मनांची, परदेशी चालते व्हा. बाई पुढे बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून "आवाज कमी, ड्रायव्हरला त्रास होतोय" एवढंच म्हटलं. माझा मुलगा खिडकीतून बाहेर बघत बसला. उतरताना त्यातल्याच एकानं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "अरे, तुझ्याबद्दल नव्हतं ते. तू चांगला आहेस."

हे सगळं त्यानं मला तीन दिवसांनी सांगितलं, तेही भाजी चिरताना, सहज म्हणून.

ही मुलं झोपडपट्टीतली नाहीत. कुणाचे वडील डॉक्टर, कुणाची आई विद्यापीठात. पुस्तकं घरात, सुट्टीत इटली. मग ज्या देशानं शाळेत आपला काळा इतिहास इतका घोटून शिकवला, तिथे हे होत असेल तर शिक्षणानं वंशद्वेष कमी होतो हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो? सासूबाई साताऱ्याहून फोनवर म्हणतात, परत या. नवरा म्हणतो, वयच तसं आहे, सोडून दे. मला दोन्ही पटत नाही. कुणी शिक्षक असतील तर जरूर लिहा.

बाणेरचा_बंड्या

ताई, उत्तर सोपं आहे. नाही होत.

२० जानेवारी १९४२. बर्लिनच्या वान्झे तलावाकाठचा एक बंगला, पंधरा माणसं. युरोपभरच्या ज्यूंना कसं संपवायचं याची खातेनिहाय जुळवाजुळव त्यांनी दीडेक तासात उरकली. पंधरापैकी आठ जण डॉक्टरेट मिळवलेले. गोबेल्स हायडेलबर्गचा पीएच.डी. आउशवित्झ छळछावणीतल्या डॉक्टर मेंगेलेकडे तर दोन पदव्या, मानववंशशास्त्राची आणि वैद्यकाची. अडाण्यांना इतकं पद्धतशीर काम जमलंच नसतं. शिक्षण म्हणजे गुंडाला टाय बांधणं. मुलाला कराटे लावा.

सोनल_म्युनशेन

बंड्या, असं सरसकट नको. एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला पडणारी मतं बघ. विद्यापीठात शिकलेल्यांमध्ये त्यांचा टक्का बाकीच्यांपेक्षा बराच कमी असतो, हे निवडणुकीमागून निवडणुकीत दिसतंय. काहीतरी परिणाम होतच असणार ना?

(आता तो पक्ष २०१३ मध्ये अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकानं काढला आणि आजच्या अध्यक्षीणबाईही अर्थशास्त्रातल्या डॉक्टर आहेत, ते सोड.)

वसुधा_सॅक्सनी

बंड्या, कराटे आधी मागे घे. २००७ च्या ऑगस्टमध्ये आमच्या सॅक्सनीतल्या म्युगेल्न गावात जत्रेच्या रात्री आठ भारतीयांच्या मागे पन्नासेक जणांचा जमाव लागला होता. एका पिझ्झाच्या दुकानात घुसले म्हणून जीव वाचला. तिथे तुझं कराटे काय करणार होतं?

शरयू, मी शिक्षिका आहे, म्हणून जरा लांबण लावते. नवऱ्यामागोमाग २००१ मध्ये इथे आले. तो ग्रीन कार्डवाला. २००० साली सरकारनं बाहेरच्या आयटीवाल्यांसाठी ती योजना आणली तेव्हा एका मोठ्या पक्षाच्या नेत्याच्या प्रचाराला "किंडर श्टाट इंडर" ही घोषणा चिकटली होती. भारतीय नकोत, आपली पोरं कम्प्युटरवर बसवा. हे गृहस्थ त्याआधी चार वर्षं देशाचे शिक्षणमंत्री होते बरं का. मी सांगलीची एम.एस्सी., इथे काही वर्षं घरी बसले, मग शिक्षकांचा दुष्काळ पडला तेव्हा मागच्या दारानं शाळेत शिरले. एका छोट्या गावातल्या ओबरशूलेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवते. गिम्नाझियुम नव्हे, इथून मुलं पुढे गवंडी, नर्स, मेकॅनिक होतात. आणि हो, इथेही ते गाणं म्हणतात. तुझ्या मुलाच्या वर्गातल्यांनी ते बहुधा ज्यूल्ट बेटावरच्या व्हिडिओतून उचललं असणार. मे २०२४ मध्ये तिथल्या महागड्या बारमध्ये स्वेटर खांद्यावर टाकलेली श्रीमंत घरची तरुण मंडळी तेच म्हणत नाचत होती. त्यातल्या कुणाला इतिहासाचा तास मिळाला नव्हता असं नाही.

तू राहतेस त्या गावाचाच इतिहास बघ. डिसेंबर १९२९ मध्ये थुरिंगियाच्या निवडणुकीत नाझींना ११.३ टक्के मतं मिळाली, त्रेपन्नांत सहा जागा. सरकार बनायला ते सहा जण लागत होते. बदल्यात हिटलरनं काय मागितलं? तिजोरी नाही, रस्ते नाहीत. गृह आणि शिक्षण. जानेवारी १९३० मध्ये विल्हेल्म फ्रिक ही दोन्ही खाती घेऊन बसला, जर्मनीतल्या कुठल्याही राज्यातला पहिला नाझी मंत्री. त्याच वर्षी त्यानं विद्यापीठाच्या विरोधाला न जुमानता येनात वंशविषयक खास अध्यासन काढलं आणि त्यावर हान्स गुंथरला बसवलं. हा माणूस मुळात भाषेचा अभ्यासक, जीवशास्त्राचा नव्हेच. नोव्हेंबरमध्ये त्याच्या पहिल्या व्याख्यानाला खुद्द हिटलर श्रोत्यांत होता. म्हणजे शिक्षण वंशद्वेषाला पुरून उरतं की नाही, यावर आपण इथे वाद घालतोय, आणि त्यांना मात्र शिक्षण किती कामाचं आहे हे पक्कं ठाऊक होतं. ज्याच्या हातात खडू, त्याचा फळा.

२०१९ मध्ये त्याच येनात प्राणिशास्त्रज्ञांच्या परिषदेत जाहीरनामा निघाला की माणसांचे 'वंश' असं काही जीवशास्त्रात नाही, ती कल्पनाच वंशद्वेषातून आलेली आहे. चांगलं झालं. नव्वद वर्षं लागली.

आता सहलीबद्दल. पूर्व जर्मनीच्या काळात बुखेनवाल्डची फेरी म्हणजे शाळकरी वयातला ठरलेला संस्कार होता. युगेन्डवाईहेच्या, म्हणजे मुलं मोठी झाली म्हणून होणाऱ्या समारंभाच्या, आधी मुलांच्या तुकड्या तिकडे नेत. १९५८ पासून तिथे भव्य स्मारक, घंटेचा मनोरा, शपथा. फॅसिस्ट म्हणजे भिंतीपलीकडचे, आपण सगळे लढवय्ये, असा धडा. वर्गात कुणी "माझे आजोबा तेव्हा काय करत होते?" असं विचारायची सोय नव्हती. व्हिएतनाम आणि मोझांबिकहून आणलेले कामगार वेगळ्या वसतिगृहांत, गावाशी संबंध जवळजवळ नाही. मग सप्टेंबर १९९१ मध्ये होयर्सवेर्डात त्याच वसतिगृहांवर दगड आणि पेट्रोल बॉम्ब पडले. बघे टाळ्या वाजवत होते. दगड मारणाऱ्यांनी आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनी शाळेत फॅसिझमविरोधी धडे गिरवलेले होते, सक्तीनं.

आणि तुमच्या येनातल्याच विंत्सर्ला वस्तीचं काय सांगू? एनएसयू या निओ-नाझी दहशतवादी टोळीचे तिघं येनाचेच. २००० ते २००७ मध्ये दहा खून, त्यातले नऊ जण तुर्की वा ग्रीक वंशाचे, आणि पोलीस इतकी वर्षं मेलेल्यांच्या घरच्यांवरच संशय घेत राहिले. उलगडा झाला २०११ च्या नोव्हेंबरात. तिघांतल्या एकाचे वडील प्राध्यापक, दुसऱ्याची आई शिक्षिका. हे दोघे १९९६ मध्ये बुखेनवाल्डला गेले होते, नाझींसारखा तपकिरी गणवेश घालून. स्मारकानं त्यांना प्रवेशबंदी केली. म्हणजे जागा दाखवली की मन बदलतं, हे काही खरं नाही. जागा तीच. बघणारा काय घेऊन येतो आणि परतताना कुणी त्याच्याशी बोलतं का, यावर सगळं आहे.

म्हणून मला बुखेनवाल्डपेक्षा तुमची ती परतीची बस जास्त महत्त्वाची वाटते. आणि पुढच्या बाकावरच्या त्या बाई.

त्यांची थोडी बाजू घेते. इथल्या शिक्षकांना १९७६ पासून बॉयटल्सबाखची तीन सूत्रं शिकवलेली असतात: विद्यार्थ्यावर आपलं मत लादायचं नाही, समाजात जे वादाचं आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं, आणि मुलाला स्वतःचा विचार करता यावा असं बघायचं. सोन्यासारखी सूत्रं आहेत. पण अर्ध्या स्टाफरूमनं त्याचा अर्थ "राजकारणावर तोंड उघडू नका" असा लावून घेतलाय. २०१८ मध्ये एएफडीनं हॅम्बुर्गात वेबसाइटच काढली: शिक्षक पक्षाविरुद्ध बोलला तर पालकांनी, मुलांनी कळवावं. २०२३ मध्ये ब्रान्डेनबुर्गच्या बुर्ग गावातल्या दोन शिक्षकांनी शाळेतल्या स्वस्तिकांबद्दल आणि हिटलर-सलामांबद्दल उघड पत्र लिहिलं. उन्हाळी सुट्टी लागेपर्यंत दोघं शाळा सोडून गेले होते, इतका त्रास झाला. मग बसमधल्या बाईंना ड्रायव्हरची काळजी का सुचली ते कळतं. कळतं, म्हणून चालतं असं नाही. "परदेशी चालते व्हा" यावर दोन बाजू नसतात. वर्गातल्याच एका मुलाला ते उद्देशून आहे.

आणि नुसतं इतिहासाचं ज्ञान किती पुरतं? थुरिंगियातला एएफडीचा नेता ब्यॉर्न ह्योके पेशानं इतिहासाचा शिक्षक आहे. गिम्नाझियुममध्ये इतिहास आणि खेळ शिकवायचा. स्मरणाच्या धोरणात १८० अंशांचं वळण हवं, असं २०१७ मध्ये ड्रेस्डेनला म्हणाला. पुढे एसएची, म्हणजे हिटलरच्या गणवेशधारी टोळीची, बंदी घातलेली घोषणा सभेत दिली म्हणून २०२४ मध्ये हालेच्या कोर्टानं दंड केला, तर तिथे सांगतो की ती एसएची आहे हे मला माहीतच नव्हतं. इतिहासाचा मास्तर! त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच्या पक्षाला थुरिंगियात ३२.८ टक्के मतं पडली.

मग मी शाळेत का जाते रोज? कारण वर्ग मागच्या बाकावर चालत नाही, मधल्या बाकांवर चालतो. माझ्या आठवीत एक दांडगा होता. एकदा त्यानं कुठूनतरी छापलेला पत्रक-कागद आणला, परदेशी लोकांच्या गुन्ह्यांचा आलेख. स्तंभ आभाळाला टेकलेला. मी काही भाषण दिलं नाही. म्हटलं, फळ्यावर काढ. अक्ष शून्यापासून सुरू करून काढ. त्यानं काढला, स्तंभ बसला खाली. मग दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं विचारलं की यात व्हिसा संपल्याचे गुन्हे पण मोजलेत का, ते जर्मन माणूस कसा करणार? हा प्रश्न मी शिकवला नव्हता. दांडगा काही बदलला नाही, शेवटपर्यंत तसाच राहिला, पण त्याच्या विनोदावर हसणारे दोघं त्या दिवसापासून हसायचे थांबले. हसणारं कुणी नसलं की अशा पोरांची गंमत जाते. शाळा जेवढं करू शकते ते एवढं. थोडं आहे, पण बिनकामाचं नाही.

जो पूर्ण आत गेलाय, त्याला गणिताच्या बाई बाहेर काढू शकत नाहीत. त्याला एक्झिट-डॉइचलांडसारखे लोक लागतात. २००० मध्ये एका माजी पोलीस अधिकाऱ्यानं आणि एका माजी निओ-नाझीनं मिळून ते काम सुरू केलं. तिथे आधी बाहेर पडायची इच्छा लागते, मग नवीन पत्ता, नोकरी, जुने मित्र तोडणं. वर्षांचं काम.

सोनल, तुझ्या टक्केवारीबद्दल: शिकलेले कमी मत देतात हे खरं, पण त्यांचं घर कुठे, पगार किती, शेजारी-सहकारी कोण हेही त्यातच मिसळलेलं असतं. पदवीचं किती आणि बाकीचं किती, हे असं सुटं करून सांगता येत नाही.

डेक्कनची_मैना

वसुधाताई, __/\__

एक आपल्या घरचं जोडते. इरावतीबाई कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या त्या ऑयगेन फिशरकडे, डालेममधल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत. हा तोच फिशर, ज्याच्या आनुवंशिकतेच्या पाठ्यपुस्तकाचा नाझींनी आधार घेतला आणि जो १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्यानं बाईंना विषय दिला कवट्यांच्या असमानतेचा. गोऱ्यांच्या कवटीची डावी-उजवी बाजू जास्त असमान असणार आणि त्यातून त्यांची बुद्धी वरचढ ठरणार, अशी त्याची अटकळ. बाईंनी मोजमाप केलं आणि लिहिलं की वंशाचा आणि या असमानतेचा काही संबंध दिसत नाही. पंचविशीच्या आतली परदेशी बाई, गाइड एवढा वजनदार. तरी लिहिलं आणि डॉक्टरेट घेऊन पुण्याला आल्या.

म्हणून बंड्या, वान्झेतल्या आठ डॉक्टरेटसमोर ही एक ठेव. एकाच संस्थेत, एकाच फूटपट्टीनं शिकून माणसं दोन दिशांना गेली.

(लगेच हार घालू नका. बाईंनी पुढे महाराष्ट्रात जातीनिहाय डोकी, नाकं मोजायचं काम बरीच वर्षं चालू ठेवलं. ते वाचताना मला तरी अवघडल्यासारखं होतं.)

बाणेरचा_बंड्या

मैना, हे माहीत नव्हतं. पण एक कर्वे आणि आठ ते. हिशेब माझ्याच बाजूनं लागतो.

फ्रांकफुर्टचा_फाटका

विषय जर्मन पोरांचा आहे, पण थोडं आपल्याकडे वळवतो. आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे इंजिनियर, एमबीए, दोन-तीन डॉक्टर. गणपतीच्या वर्गणीच्या मेसेजमागून "हे सीरियावाले फुकटे", "स्टेशनजवळ काळे लोक असतात, बायकांनी जपून" असले फॉरवर्ड. मागच्या वर्षी एक जण म्हणाला, एएफडी आपल्याविरुद्ध नाहीच, आपण कर भरतो, 'त्यांच्या'विरुद्ध आहे. पाच थम्स-अप.

बसमधला मुलगा शरयूताईंच्या मुलाला म्हणाला ना, तुझ्याबद्दल नव्हतं, तू चांगला आहेस? आमचा ग्रुप तेच प्रशस्तिपत्रक खिशात घालून फिरतोय. घरी हे ऐकून मोठी होणारी आपली पोरं बसमध्ये कुठल्या बाकावर बसतील, तेही बघा. फक्त मूळ जर्मनांना शिकवायचंय असं नाही.

सोनल_म्युनशेन

फाटके, सगळ्या ग्रुपांना असं रंगवू नका हो. आमच्याकडे २०२० मध्ये हानाऊत वंशद्वेषातून नऊ जणांना मारलं तेव्हा मंडळानं कार्यक्रम रद्द करून सगळ्यांबरोबर मेणबत्त्या लावल्या होत्या.

फ्रांकफुर्टचा_फाटका

लावल्या असतील. मी आमचा सांगतोय.

शरयू_येना

सगळ्यांचे आभार. वसुधाताई, तुमचा प्रतिसाद मुलाला मराठीतूनच वाचून दाखवला. विंत्सर्लाचं त्याला अर्धवट माहीत होतं, गणवेशाचं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "आई, आमच्या मधल्या बाकावर मीच असतो."

आता प्रत्यक्षातलं विचारते. गुरुवारी एल्टर्नआबेंड, म्हणजे पालकसभा आहे. मुलगा म्हणतो, माझं नाव घेऊ नकोस, मुलांची नावं तर अजिबात नकोत, मला त्याच वर्गात बसायचंय. नवरा म्हणतो, सगळ्या पालकांसमोर विषय काढलास तर तू 'ती कटकटी भारतीय बाई' होशील. काय करू?

वसुधा_सॅक्सनी

मुलाचं ऐक. नाव घेऊ नकोस, आणि गुरुवारी सगळ्यांसमोर सुरुवातही करू नकोस. तिथे पालक आपल्या पोराची वकिली करतात, विषय बाजूला राहतो.

त्याआधी वर्गशिक्षिकेला ईमेल कर. फोन नाही, ईमेल. तारीख, कुठली बस, काय म्हटलं गेलं, बस्स. आरोप नको, विशेषणं नकोत. शेवटी एकच विचार: बुखेनवाल्डच्या भेटीवर वर्गात नंतरचा तास झाला का, आणि नसेल तर कधी होणार? बाईंनाही यातून बोलायला कारण मिळेल. बऱ्याच जणींना तेवढंच हवं असतं, कुणीतरी लेखी मागितलेलं. तरी हलल्या नाहीत तर फेरट्राउएन्सलेरर, म्हणजे मुलांनी विश्वासानं जावं असा नेमलेला शिक्षक, आणि शाळेचा समाजकार्यकर्ता. मुख्याध्यापक त्यानंतर.

दुसरं, शाळेच्या दारावर "शूले ओने रासिस्मुस", म्हणजे वंशद्वेषाविना शाळा, अशी पाटी आहे का बघ. १९९५ पासूनचं जाळं आहे. ती पाटी मिळवायला शाळेतल्या किमान ७० टक्के लोकांनी, मुलं, शिक्षक, शिपाई धरून, सही केलेली असते की असं काही घडलं तर आम्ही मध्ये पडू. पुष्कळ शाळांत सही करणारी बॅच केव्हाच पास होऊन गेली आणि पाटी तेवढी उरली. असेल तर ईमेलमध्ये त्या पाटीचा उल्लेख कर. टाळता येणार नाही.

तिसरं, मुलाला शूर व्हायला सांगू नकोस. एक मित्र शोधायला सांग, जर्मन असला तर उत्तमच, जो पुढच्या वेळी बसमध्ये "बंद कर रे, बोअर आहे" म्हणेल. तत्त्वज्ञान नको. पंधरा वर्षांच्या पोराला वंशद्वेषी म्हटलेलं चालतं, बोअर म्हटलेलं चालत नाही.

ईमेलचा मसुदा हवा तर जर्मनमधून लिहून देते, मला खाजगीत निरोप टाक. उद्या माझे पेपर तपासायचे आहेत, रात्री नऊनंतर बघेन.